मागें उभे असलेले चौघे

आजच्या माझ्या भाषणाचा विषय गोल्फच्या मैदानावरील दिरंगाई व शिष्टाचार हा आहे, असें मीं घरीं सांगितलें तेव्हां पहिला आक्षेप घरांतूनच आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गोल्फ खेळणारीं माणसें या शहरांत असून असून असणार किती? आणि त्यांना वक्तशीरपणाचा उपदेश कोण करणार, तर तुम्ही! रविवारीं पानें मांडून आम्ही दोन दोन वाजेपर्यंत कोणाची वाट पाहत बसतों, हेंहि श्रोत्यांना सांगणार आहांत ना?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. तेव्हां, श्रोतेहो, प्रारंभींच कबूल करून टाकतों कीं, ज्या दोषाबद्दल मी बोलणार आहें तो पुष्कळ वर्षें माझ्याच अंगीं होता. तो माझ्या लक्षांत कसा आला, हेंच मुख्यतः आज सांगावयाचें आहे.

ज्यांचा या खेळाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं आधीं चार शब्द. २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिक स्पर्धांत आपली आदिती अशोक चौथी आली आणि अवघ्या एका टोल्यानें तिचें पदक हुकलें. त्या शनिवारीं सकाळीं, ज्या घरांत गोल्फचें नांवहि कधीं निघालें नव्हतें अशा घरांतून लोक टेलिव्हिजनपुढें श्वास रोखून बसले होते. त्यांनीं पाहिलें तें एवढेंच कीं, गोट्या खेळतांना मुलें जशी गल करितात तसा एक सवाचार इंच व्यासाचा खळगा असतो, आणि चारपांचशें यार्डांवरून चेंडू मारीत मारीत त्या खळग्यांत घालावयाचा असतो. आरंभाच्या जागेला टी म्हणतात, खळग्याभोंवतालच्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात, आणि टीपासून ग्रीनपर्यंतच्या या साऱ्या प्रवासाला होल म्हणतात. असे अठरा होल खेळतांना अडीच-तीन कोसांची पायपीट होते. हा खेळ आपल्याकडे परका असला तरी नवा नाहीं. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. ब्रिटिश बेटांबाहेर त्याहून जुना गोल्फ क्लब दुसरा नाहीं. मुंबईस चेंबूरचा बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालीं निघाला. म्हणजे दोनतीन पिढ्या आपलीं माणसें हा खेळ खेळत आलीं आहेत. तेव्हां त्याचे गुणदोषहि आतां आपलेच मानले पाहिजेत.

आतां या खेळाचा एक विशेष पाहा. टेनिसचें मैदान एकदां आपल्याला मिळालें कीं तेवढा तास आपला असतो. तेथें आपण रेंगाळलों तर नुकसान आपलें व प्रतिस्पर्ध्याचें. गोल्फच्या मैदानावर मात्र एकाच वेळीं पंधरा-वीस तुकड्या एकामागून एक चाललेल्या असतात. पुढची तुकडी टप्प्याबाहेर गेल्याखेरीज मागच्या तुकडीला चेंडू मारतां येत नाहीं, कारण तो टणक चेंडू एखाद्याच्या डोक्यांत बसला तर प्राणावर बेतेल. लग्नकार्यांतील पंगतीचा अनुभव आपणां सर्वांना आहे. पहिली पंगत उठल्याखेरीज दुसरी बसत नाहीं. पहिल्या पंगतींत एखादे गृहस्थ ताकभातापाशीं गप्पांत रंगले, कीं सारी पंगत त्यांच्या पानाकडे पाहत हात वाळवीत बसते, वाढपी ताटकळतात, आणि ओसरीवर बसलेलीं भुकेलीं मुलें आंत डोकावून जातात. त्या गृहस्थांची भूक मोठी म्हणून कोणी रागावत नाहीं; त्यांनीं ओसरीकडे एकदांहि पाहिलें नाहीं म्हणून लोक रागावतात. गोल्फमधील दिरंगाईचें मर्म नेमकें येथें आहे.

पांच-सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. मे महिन्यांतला रविवार होता. आम्ही चौघे स्नेही सकाळीं साडेसहाला निघालों. आमच्यांतील एक वकील. त्यांना प्रत्येक टीवर न्यायालयांतली एक गोष्ट आठवे, आणि गोष्ट संपल्याखेरीज ते काठी हातीं घेत नसत. दुसरे गृहस्थ प्रत्येक टोल्यापूर्वीं तीन वेळां हवेंत काठी फिरवून पाहत. तिसऱ्यांचा चेंडू बाभळीच्या झुडपांत गेला, तेव्हां नवा चेंडू आहे म्हणून आम्ही आठ-दहा मिनिटें काटे तुडवीत हिंडलों. आणि मी स्वतः? ग्रीनवर चेंडू खळग्यापासून दोन हातांवर असला तरी मी एकदां या बाजूनें व एकदां त्या बाजूनें बसून जमिनीचा उतार पाहत असें. मागच्या टीवर चौघेजण कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्यामागें आणखी चौघे येऊन थांबले होते. पुढें पाहावें तर दोन होल ओस पडलेले! आमच्यांतील एकानें मागें वळून पाहिलें आणि म्हटलें, "उभे राहूं देत. आपणहि वर्गणी भरतों." आम्ही हसलों. खेळ संपला तेव्हां बारा वाजून गेले होते.

परत येतांना माझा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा सोबती, अगदीं मुकाट्यानें चालला होता. पन्नाशीचा गृहस्थ, मुळांतच अबोल. मीं सहज विचारलें, "काय हो, ऊन फार लागलें काय?" तो म्हणाला, "ऊन रोजचंच आहे, साहेब. दुसरी फेरी गेली." मला अर्थबोध झाला नाहीं. तेव्हां त्यानें समजावून सांगितलें. कॅडीला पैसे मिळतात ते फेरीमागें. पहिली फेरी साडेदहाच्या आंत आटोपली तर त्याचा नंबर पुन्हां लागतो व दुसरे साहेब मिळतात; बारा वाजले कीं उन्हामुळें कोणी येत नाहीं. "आणि आठवड्याला रविवार एकच असतो, साहेब," एवढें बोलून त्यानें पिशवी खालीं ठेवली.

मीं त्याला दुसऱ्या फेरीचेहि पैसे दिले, व त्यानें ते घेतले. परंतु मोटारींत बसल्यावर माझ्या मनांत हिशेब सुरू झाला. माझ्या एका कॅडीची भरपाई झाली. आमच्यामागें खोळंबलेल्या निदान चार तुकड्यांच्या सोळा कॅडींचें काय? त्या तुकड्यांतील सोळा खेळाडूंच्या घरीं वाढून ठेवलेल्या पानांचें काय? आमच्या थट्टेखातर किती घरांतला रविवार नासला होता, आणि ज्यांचा नासला त्यांच्यापैकीं कोणीहि आमच्या तोंडावर कांहीं बोललें नव्हतें. सुसंस्कृत मंडळींत अन्यायाची शिक्षा बहुधा मौनाचीच असते, आणि म्हणूनच अन्याय करणाराला तो कळत नाहीं.

त्या दिवसापासून मीं या प्रश्नाचा थोडा विचार केला. प्रथम एक साधें गणित मांडतों. आमच्यासारखा हौशी खेळाडू अठरा होलांत सुमारें नव्वद टोले मारतो. चौघांचे मिळून तीनशेंसाठ टोले झाले. प्रत्येक टोल्यामागें वीस सेकंद जास्त लागले तर किती वेळ जातो? सात हजार दोनशें सेकंद, म्हणजे बरोबर दोन तास! वीस सेकंद म्हणजे हातमोजा चढविणें, ही काठी परत ठेवून ती काढणें, वारा पाहण्यासाठीं गवत उडविणें. यांतील एकहि कृति पाहणाराला दिरंगाई वाटणार नाहीं. मी हळू खेळतों असें म्हणणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाहीं, त्याचें कारण हेंच. दिरंगाई ही एका माणसाजवळ एका ठिकाणीं सांपडत नाहीं. ती थेंबाथेंबानें सांचते.

दुसरी गोष्ट परंपरेची. गोल्फचे पहिले लेखी नियम १७४४ सालीं स्कॉटलंडांत लीथ येथील खेळाडूंनीं केले. ते अवघे तेरा होते. ज्याचा चेंडू खळग्यापासून सर्वांत दूर असेल त्यानें आधीं खेळावें, हा त्यांतलाच एक. हा नियम सौजन्याचा होता यांत शंका नाहीं. परंतु मैदानें गजबजलीं तेव्हां त्याचा परिणाम उलटा झाला. दूरचा गृहस्थ आपला चेंडू शोधीत हिंडतो आहे आणि बाकीचे तिघे सर्व सिद्धता असूनहि हात बांधून उभे आहेत, असा देखावा नित्याचा झाला. शेवटीं २०१९ सालीं नियमांची मोठी पुनर्रचना झाली. तींत असें सुचविण्यांत आलें कीं, टोले मोजून खेळावयाच्या प्रकारांत, कोणाला धोका नसेल तर, जो तयार असेल त्यानें खेळून घ्यावें. म्हणजे पावणेतीनशें वर्षांच्या रूढीला, मागें उभ्या असलेल्यांसाठीं, वाट सोडावी लागली. त्याच वर्षीं हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पांच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली गेली. आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत, व शक्य तर त्याहूनहि लौकर, टोला मारावा अशी शिफारस नियमांतच घालण्यांत आली. पूर्वीं शिष्टाचाराचें एक स्वतंत्र प्रकरण पुस्तकाच्या आरंभीं असे. आतां इतरांचा विचार करावा, प्रामाणिकपणें खेळावें व मैदानाची काळजी घ्यावी, या गोष्टी पहिल्या नियमाच्याच पोटांत घातल्या आहेत. विनाकारण वेळ दवडणाराला पहिल्या खेपेस एक टोला, दुसऱ्या खेपेस दोन टोले दंड होतो, आणि तिसऱ्या खेपेस तो स्पर्धेंतून बाद होतो.

आपण हौशी माणसें. आपल्यामागें घड्याळ घेऊन पंच हिंडत नाहीं. म्हणून आपला पंच आपणच झालें पाहिजे. त्यासाठीं धांवण्याची मुळींच गरज नाहीं. दुसरा टोला मारीत असतां आपण आपल्या चेंडूपाशीं जाऊन कोणती काठी घ्यावयाची तें ठरवून ठेवावें. त्याचा चेंडू उडाला कीं आपण तयार. स्नेह्याची गोष्ट ऐकावयाची ती चालतां चालतां ऐकावी; गोष्टीला पाय असतात, तिला उभें करून ठेवण्याचें कारण नाहीं. चेंडू हरवल्याचा संशय येतांच निघण्यापूर्वीं दुसरा चेंडू मारून ठेवण्याची सोय नियमांत आहे, तिचा उपयोग करावा. नाहीं तर शोधून शोधून पुन्हां मागें चालत यावें लागतें. ग्रीनवर जातांना आपली पिशवी पुढच्या टीच्या वाटेवर ठेवावी. आणि किती टोले झाले याचा हिशेब, जेथें मागच्यांचा चेंडू यावयाचा त्या ग्रीनवर उभे राहून न मांडतां, पुढच्या टीवर मांडावा. हे सारे नियम एका वाक्यांत सांगावयाचे तर असें म्हणतां येईल कीं, आपली पाळी येण्यापूर्वीं आपला विचार संपलेला असावा.

याखेरीज एक धडा नवशिक्यांनीं घ्यावा. तो म्हणजे वेळींच चेंडू उचलण्याचा. इंग्लंडांत वॉलसी येथील क्लबाचे सभासद डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांनीं गुण मोजण्याची एक निराळी पद्धत बसविली व तिच्यावर १९३२ सालीं तेथें पहिली स्पर्धा झाली. तिच्यांत प्रत्येक होलाला गुण असतात; टोले फार झाले तर त्या होलाला शून्य गुण मिळतात, आणि पुढचा होल नव्यानें सुरू होतो. एका होलावरच्या फजितीनें खेळाडूचा सारा दिवस वाया जाऊं नये, हा त्यांचा हेतु. परंतु त्याचा एक फायदा मागच्यांनाहि झाला. शून्यच मिळणार हें नक्की झाल्यावर दहावा, अकरावा टोला मारीत बसण्याचें प्रयोजन उरत नाहीं. माणूस चेंडू खिशांत घालून पुढें चालूं लागतो. हरलेला डाव वेळींच सोडून देणें, हेंहि एक प्रकारचें औदार्य आहे.

इतकें करूनहि एखादी तुकडी मागें पडावयाचीच. त्यांत म्हातारीं माणसें असतील, नवखे असतील, एखादा दुखऱ्या गुडघ्याचा असेल. त्यांना खेळण्याचा अधिकार नाहीं असें कोण म्हणेल? त्यांच्यासाठींच हा खेळ एक सुंदर सोय ठेवतो, ती म्हणजे मागच्यांना पुढें जाऊं देण्याची. मागचे अडलेले आहेत आणि पुढचा होल मोकळा आहे, एवढ्या दोन गोष्टी दिसल्या कीं बाजूला व्हावें व हात करून त्यांना बोलवावें. दोन मिनिटांत ते निघून जातात, आणि मग आपणहि पाठीवरच्या डोळ्यांची बोंच नाहींशी होऊन सुखानें खेळतों. जुन्या काळीं दोघांच्या तुकडीला चौघांच्या तुकडीपेक्षां मान अधिक, आणि एकट्या खेळाडूला तर कांहींच मान नाहीं, अशी पद्धत होती. आतां मान संख्येवर अवलंबून नाहीं. ज्याची चाल जलद त्याला वाट द्यावी, असाच सर्वसाधारण संकेत आहे.

परंतु सर्व दोष खेळाडूंच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. आंखूड होल, ज्यांत पहिल्याच टोल्यांत ग्रीन गांठावयाचें असतें, तेथें पुढची तुकडी ग्रीन सोडीपर्यंत मागच्यांना टीवरून हलतांच येत नाहीं. समजा, क्लबानें दर आठ मिनिटांनीं एक तुकडी सोडली, आणि त्या आंखूड होलाला प्रत्येक तुकडीचीं अकरा मिनिटें जातात. मग प्रत्येक तुकडीमागें तीन मिनिटें तुंबत जाणार, आणि दहाव्या तुकडीला तेथें सत्तावीस मिनिटें उभें राहावें लागणार. मग तींतले चौघे कितीहि चपळ असोत! अधिक नांवें नोंदवून घेण्याच्या लोभानें तुकड्या दाट सोडणाऱ्या कार्यकारी मंडळानें हें त्रैराशिक भिंतीवर लावून ठेवावें. अशा होलावर पुढच्यांनीं ग्रीन गांठतांच बाजूला सरून मागच्यांना टोले मारूं द्यावे, व ते चालत येत असतां आपण खेळ पुरा करावा, ही जुनी युक्ति आजहि उपयोगीं पडते.

आणि आतां दुसऱ्या टोंकाचा अविनय. कांहीं तरुण मंडळी पुढच्यांना इशारा म्हणून त्यांच्या पायांशीं चेंडू मारतात. हळू खेळणारा माणूस आपला वेळ घेतो. हा गृहस्थ तर दुसऱ्याचा डोळा घेण्यास सिद्ध झालेला असतो! ज्या माणसाच्या डोक्यावर तो चेंडू पडण्याचा संभव अधिक, तो बहुधा साहेब नसतोच. झुडपाजवळ चेंडूवर नजर ठेवून उभा असलेला कॅडी असतो. घाईला शिष्टाचाराचें नांव देतां येत नाहीं. पुढच्या टीवर भेट होईल तेव्हां, टोपी काढून, "आम्हांला पुढें जाऊं द्याल का?" असें विचारावें. इतक्या सरळ प्रश्नाला नाहीं म्हणणारा गृहस्थ मीं अद्याप पाहिलेला नाहीं.

नियमाची बूज कशी राखावी हें मला एका मुलाकडून शिकावयास मिळालें. २०१३ सालीं अमेरिकेंत ऑगस्टा येथील प्रसिद्ध मास्टर्स स्पर्धेंत गुआन तियानलांग नांवाचा अवघ्या चौदा वर्षांचा चिनी मुलगा खेळत होता. दुसऱ्या दिवशीं सतराव्या होलावर पंचांनीं त्याला दिरंगाईबद्दल एका टोल्याचा दंड केला. मोठ्या स्पर्धांत असा दंड फार विरळा होतो, आणि तो नेमका या मुलाला झाला म्हणून पुष्कळांना हळहळ वाटली. मुलानें मात्र त्रागा केला नाहीं. निर्णयाचा आपण मान राखतों, इतकेंच तो म्हणाला. तो शेवटच्या दोन दिवसांच्या खेळासाठीं पात्र ठरला, आणि हौशी खेळाडूंत सर्वांत वर राहिला. चौदा वर्षांच्या पोराला जें साधलें तें आपणां वडीलधाऱ्यांना, कोणी दंड न करतां, साधूं नये काय?

आमच्या क्लबांत एक निवृत्त न्यायाधीश आहेत. वय ऐंशीच्या पलीकडे. चालणें मंद, चेंडूहि फार दूर जात नाहीं. एकदां मीं त्यांना विचारलें, "अण्णासाहेब, आपल्यामागें कधीं कोणी कुरकुरत नाहीं, हें कसें?" ते हसून म्हणाले, "मी हळू चालतों, पण कोणाला थांबवीत नाहीं. प्रत्येक होल संपला कीं एकदां मागें पाहतों. न्यायासनावर बसून एवढेंच शिकलों. समोर बोलणाराकडे लक्ष द्यावें, आणि बाहेर बांकावर पाळीची वाट पाहत बसलेल्यांनाहि विसरूं नये."

श्रोतेहो, हें केवळ गोल्फचें शास्त्र नाहीं. टपालाच्या खिडकीशीं, दवाखान्यांत, रेल्वेच्या दारांत आपण सारे कोणाच्या तरी पुढें उभे असतों व कोणाच्या तरी मागें. पुढच्याची दिरंगाई आपल्याला ताबडतोब दिसते; आपली दिरंगाई पाहण्यासाठीं मात्र मान वळवावी लागते. मी ती वळविण्यास शिकलों तें एका कॅडीच्या दोन वाक्यांमुळें. अलीकडे आम्ही चौघे साडेदहाच्या आंत परततों. वकीलसाहेबांच्या गोष्टी कमी झालेल्या नाहींत. त्या आतां चालतां चालतां होतात. माझा कॅडी पिशवी ठेवतो, मान किंचित् हलवितो, आणि नंबर लावावयास झपझप निघून जातो. त्याच्या पाठमोऱ्या चालीइतकें समाधान मला एखाद्या उत्तम टोल्यानेंहि क्वचितच दिलें असेल.

समोरच्या घड्याळांत माझीं मिनिटें संपत आलीं आहेत, आणि कांचेपलीकडे पुढच्या कार्यक्रमाचे गायक तंबोरा जुळवून बसलेले मला दिसत आहेत. त्यांना वाट देणें हेंच आतां माझें कर्तव्य आहे.